वेगळी बोली, वेगळा समाज, एकच वर्ग: शाळा आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, ऊसतोडीला जाणारे आईवडील, वीटभट्टीवरची आणि बांधकामावरची कुटुंबं यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या शाळांना धरून लिहिली आहेत. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे सविस्तर दिलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. समावेशक शिक्षण म्हणजे दिव्यांग मुलांचं शिक्षण ना? त्याचा जातीजमातींशी काय संबंध?

दिव्यांग मुलं त्यात आहेतच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि अशा मुलांना इतरांसोबत एकाच शाळेत शिकता आलं पाहिजे, असं तो कायदा सांगतो. पण अर्थ तेवढ्यावर संपत नाही. आपल्या शाळेचं वेळापत्रक, भाषा, पुस्तकातली उदाहरणं, गृहपाठ हे सगळं एका विशिष्ट मुलाला डोळ्यांसमोर ठेवून चालतं. ते मूल बारमाही गावात राहतं, घरी मराठी बोलतं आणि त्याच्या घरात अभ्यास घेणारं कुणीतरी असतं. मेळघाटातलं कोरकू मूल, पालावरचं पारधी मूल, पुण्यात गवंडीकाम करणाऱ्या बिहारी बापाची मुलगी यांनी स्वतःला या साच्यात बसवून घ्यावं, अशी अपेक्षा असते. समावेशक शाळा या मुलांसाठी स्वतः थोडी सरकते.

2. जन्माचा दाखला नाही, आधार नाही, शाळा सोडल्याचा दाखलाही नाही. प्रवेश मिळेल का?

मिळेल, आणि तोही लगेच. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद चालते. तीही नसेल तर आईवडिलांनी वयाबद्दल दिलेलं लेखी निवेदन पुरतं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर होत असेल तर तेवढ्यासाठी मुलाला ताटकळत ठेवता येत नाही, हे कलम 5 मध्ये स्पष्ट आहे. दाखला मुद्दाम अडवून ठेवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

आधारचं कोडं थोडं वेगळं आहे. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलेलं आहे. तरी मुख्याध्यापक आधारसाठी मागे लागतात, कारण संचमान्यता करताना, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, आधार जुळलेली मुलंच धरली जातात आणि पट कमी भरला की शिक्षकाचं पद जातं. त्यांची अडचण खरी आहे, पण तिचा भार मुलावर टाकता येत नाही. आधी मुलाचं नाव पटावर घ्यावं आणि मग शाळेनंच आधार नोंदणीसाठी मदत करावी, हा क्रम योग्य.

3. मूल दहा वर्षांचं आहे, शाळेत कधीच गेलेलं नाही. तेही जानेवारीत आलंय. कुठल्या वर्गात बसवायचं?

त्याच्या वयाच्या वर्गात. पहिलीत नाही. कलम 4 चा हेतूच तो आहे: वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागं राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलांत बसवलं की ते आठवड्याभरात शाळेला रामराम ठोकतं. जानेवारी, फेब्रुवारी ही सबबही चालत नाही. कलम 15 नुसार सत्राच्या मध्येच आलेल्या मुलालाही प्रवेश द्यावाच लागतो.

विशेष प्रशिक्षण कागदावर राहतं ही तक्रार खरी आहे. एकशिक्षकी शाळेत ते द्यायचं कुणी? शक्य असेल तिथं परिपाठानंतरचा तास या मुलांसाठी बांधून घ्यावा. तोही नाही जमला तर निदान वाचनाच्या तासाला त्यांना वयाच्या भिंती न पाळता पातळीनुसार गटात बसवावं आणि बाकी तासांना त्यांच्या बरोबरीच्या मुलांत.

4. आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. लेकरांना सोबत न्यावं की गावी ठेवावं?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच. त्याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही.

गावी आजी-आजोबा असतील आणि हंगामी वसतिगृहाची सोय मिळत असेल तर मूल गावी ठेवणं बरं. हंगाम सुरू होण्याच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा, किती मुलं मागे राहणार ते सांगा आणि वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जाईल असं बघा. प्रस्ताव उशिरा गेला की मंजुरी येईस्तोवर टोळ्या निघून गेलेल्या असतात आणि लेकरंही त्यांच्यासोबत गेलेली असतात.

वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला आईबाप धजावत नाहीत. त्यांची भीती खोटी नाही. याच भीतीतून पोरींची लग्नं लवकर उरकली जातात. मुलीच्या राहण्याची सोय विश्वासाच्या माणसाकडे किंवा वसतिगृहात होत नसेल तर तिला सोबत न्या, पण तिचा शाळेशी संबंध तुटू देऊ नका. निघताना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. मूल कितवीत आहे, त्याला काय येतं, याची नोंद त्यात असते. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवून मुलाला बसवा. परत आल्यावर गावच्या शाळेत त्याची जागा असतेच. सतत गैरहजर म्हणून आठवीपर्यंत कुणालाही शाळेतून काढून टाकता येत नाही.

आता कारखान्याजवळच्या शाळांसाठी. कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, पहाटेच्या अंधारात फडावर जातो. मागं कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, राहते ती आठ-नऊ वर्षांची मुलगी. पाणी भरणं, भाकरी बांधणं आणि धाकटी भावंडं सांभाळणं तिच्याकडेच असतं. ती साडेदहाला शाळेत पोहोचते तेव्हा तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ असतो. पुष्कळ शाळांत तिला दारातूनच सांगतात, "त्याला ठेवून ये." ठेवायचं कुणाजवळ? ती परत जाते आणि पुन्हा येत नाही. भावाला कोपऱ्यात पोत्यावर बसू द्यावं, हातात खडू द्यावा, जवळच्या अंगणवाडीला कळवावं. एवढ्यानं ती मुलगी टिकते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात हेच ओळखलं होतं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, यातून त्यांची कुरणशाळा उभी राहिली.

कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांसाठी एक सूचना: बेळगाव, निपाणी या सीमाभागात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तळ पडला की आधी तिथं चौकशी करा. शाळा बदलण्याचा हक्क राज्याची हद्द ओलांडली म्हणून संपत नाही.

5. माझ्या वर्गात मराठी अजिबात न कळणारी मुलं आहेत. शिकवू कसं?

पहिले काही आठवडे मराठी शिकवण्याची घाई करू नका. मुलाला त्याच्या भाषेत बोलू द्या. वर्गात बोलायला मिळालं की मूल टिकतं.

महाराष्ट्रातल्या आदिवासी भाषा एका साच्यातल्या नाहीत. गोंडी, माडिया आणि कोलामी या द्राविडी कुळातल्या. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे मराठीशी तिचं काहीच नातं नाही. या मुलांना पहिलीचा मराठी वर्ग म्हणजे परका मुलूख. नंदुरबारकडच्या भिली, पावरी, मावची आणि पालघरकडची वारली या मात्र आर्यभाषा, मराठीच्या जवळच्या. तिथं वेगळाच घोटाळा होतो. मुलाची भाषा ही 'अशुद्ध मराठी' समजून शिक्षक दर वाक्याला दुरुस्ती करतात. मूल चुकत नसतं, आपल्या भाषेत बरोबर बोलत असतं. दहा वेळा टोकलं की अकराव्या वेळी ते तोंड उघडत नाही.

वर्गात करता येण्याजोग्या काही गोष्टी. शिक्षकानं मुलांच्या भाषेतले रोजचे शब्द स्वतः शिकून घ्यावेत: पाणी, भूक, दुखतंय, ये, बस, घर. गणिताची सुरुवात त्यांच्या मोजणीनं करावी. गडचिरोलीच्या एखाद्या शाळेत पहिलीतलं पोर पुढ्यातले खडे बोटानं सारत "उंदी, रंड, मुंड" असं मोजतं, तेव्हा त्याला मोजणी येते. त्याला फक्त एक, दोन, तीन हे शब्द शिकायचे राहिलेत. त्याच्या प्रगतिपत्रकात 'संख्याज्ञान नाही' असा शेरा मारणं हा अन्याय आहे. तिसरी-चौथीतल्या दोन्ही भाषा येणाऱ्या मुलांना धाकट्यांच्या गटात बसवावं. पाड्यावरच्या आजीला महिन्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवावं. फळ्याच्या एका बाजूला त्यांचे शब्द देवनागरीत लिहून ठेवावेत.

याला कायद्याचा आधारही आहे. राज्यघटनेच्या कलम 350अ मध्ये भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं असं म्हटलं आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 शक्य असेल तिथं मातृभाषाच माध्यम असावी असं सांगतं, आणि 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत तोच आग्रह धरतं. अधिकारी तपासणीला आले आणि "वर्गात मराठी का नाही?" असं विचारलं तर हे दाखवता येतं.

6. पालकांना "घरी मराठीच बोला" असं सांगावं का?

नाही. आईला जी भाषा उत्तम येते तिच्यातूनच ती मुलाशी भरभरून बोलू शकते. मोडक्यातोडक्या मराठीत ती दोनच वाक्यं बोलेल. घरची भाषा पक्की असलेलं मूल दुसरी भाषा लवकर उचलतं. पालकांना सांगायचंच असेल तर एवढं सांगा: घरी खूप बोला, गोष्टी सांगा, मराठीची जबाबदारी आमची.

7. आमचं कुटुंब हिंदी (किंवा कन्नड, तेलुगू) बोलतं. मराठी शाळेत घालावं का?

निवड तुमची आहे. बालभारती आठ भाषांतून पाठ्यपुस्तकं काढते आणि मुंबई महापालिकेच्या शाळाही आठ माध्यमांत चालतात, त्यामुळे मोठ्या शहरात पर्याय मिळतो. लहान गावात बहुधा मराठी शाळा हीच जवळची शाळा असते. महाराष्ट्रात काही वर्षं राहायचं असेल तर मराठी माध्यम मुलाला गावाशी जोडून देतं, असं माझं मत आहे. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला आहे, म्हणजे माध्यम कुठलंही असलं तरी मराठी शिकावीच लागेल. ती मारून मुटकून शिकवू नये, एवढंच शाळांना सांगणं. 'भैया' किंवा 'बिहारी' या हाकांबद्दल प्रश्न 8 पाहा.

8. वर्गातली मुलं एका पारधी मुलाला 'चोर' म्हणतात. काही हरवलं की सगळे त्याच्याकडे बघतात. काय करावं?

पहिली गोष्ट: काही हरवलं म्हणून त्याचं दप्तर तपासू नका. एकदा तपासलंत की वर्गाला त्याचा अर्थ कळतो. तपासायची वेळच आली तर सगळ्यांची दप्तरं तपासा, नाहीतर कुणाचंच नको.

'चोर' हा शब्द पोरांनी घरून आणलेला असतो आणि त्यामागं इतिहास आहे. इंग्रज सरकारनं 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे अनेक जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला. रोजची हजेरी, फिरण्यावर बंदी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती, असं सगळं त्यांनी सोसलं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला, म्हणून या समाजांना विमुक्त म्हणतात. सहावी-सातवीच्या मुलांना हे सरळ सांगता येतं आणि ती ते समजून घेतात. त्या मुलाला मात्र उभं करून सांगू नका. त्याच्याकडे न बघता, इतिहासाचा धडा म्हणून सांगा.

लहान वर्गात इतिहासानं भागत नाही, तिथं नियम लागतो: कुणालाही जातीवरून, प्रांतावरून, रंगावरून, नावावरून हाक मारायची नाही. तो नियम शिक्षकालाही लागू. शिक्षकच "ए मामा", "पालावरच्या" अशी हाक मारत असेल तर पोरांना काय बोलणार? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मानसिक त्रास देणं हा मारण्याइतकाच प्रतिबंधित प्रकार आहे.

बाहेरच्या किंवा शाळेतल्या मोठ्या माणसानं अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ केली, तर 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. लहान मुलांच्या आपसातल्या भांडणात हा कायदा काढू नका. तिथं शिक्षकाचं काम आहे, पोलिसांचं नाही.

9. काही पालक म्हणतात, "आमच्या मुलाला त्यांच्या शेजारी बसवू नका." गावातलेच लोक, वाईटपणा कसा घ्यायचा?

नकार द्यायचा, शांतपणे आणि पहिल्याच वेळी. एकदा जागा बदलून दिली की दुसरे चार पालक येतात.

वैयक्तिक वाद होऊ नये म्हणून एक युक्ती चालते: दर सोमवारी सगळ्या वर्गाच्या जागा बदलायच्या. मग कुणी कुणाशेजारी बसायचं हा प्रश्नच उरत नाही. खिचडीच्या पंगतीलाही हेच. ताटं वेगळी नाहीत, रांग वेगळी नाही, वाढायला सगळ्या मुलांची पाळी.

बोलायची वेळ आली तर गावाला आपल्याच मातीतली गोष्ट सांगा. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागत होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली ठेवली आणि एका पंगतीला जेवायला बसवली. शंभर वर्षांपूर्वी जे झालं ते आज नको म्हणणाऱ्या पालकाला मी तरी ऐकून घेणार नाही.

10. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना वर्गात जातीनुसार हात वर करायला सांगितलं तर चालेल?

मुळीच नको. "एससीवाले उभे राहा" हे वाक्य अजूनही अनेक वर्गांत ऐकू येतं. शिक्षकाला ती पाच मिनिटांची सोय वाटते, पण मुलाला ते वर्षानुवर्षं आठवतं. माहिती पटावर आहेच. जी नसेल ती पालकसभेत किंवा पालकांना एकेकटं बोलावून घ्यावी. गणवेश, सायकल किंवा शिष्यवृत्तीचं वाटपही जातीचं नाव पुकारून करू नये.

11. पटावर जात काय लिहायची? पालकांनाच नीट सांगता येत नाही.

काळजीपूर्वक लिहा, कारण पुढे जात पडताळणीच्या वेळी शाळेच्या पटावरची नोंद हाच मोठा पुरावा ठरतो. 'भटके', 'आदिवासी' असं मोघम लिहू नका. जातीचं किंवा जमातीचं नेमकं नाव लिहा. बापाचा किंवा आज्याचा दाखला असेल तर त्यातल्या नावाशी जुळवा. चूक झाली असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. शाळा सुटल्यावर दुरुस्ती फार अवघड जाते.

जात प्रमाणपत्रासाठी ठरलेल्या तारखांच्या आधीचं वास्तव्य दाखवावं लागतं: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967. पिढ्यान्‌पिढ्या पालावर काढलेल्या कुटुंबानं 1961 चा कागद आणायचा कुठून? म्हणून आज शाळेत होणारी नोंद पुढच्या पिढीसाठी सोन्यासारखी आहे.

एकच समाज जिल्ह्यानुसार वेगळ्या यादीत असू शकतो. कैकाडी समाज विदर्भाच्या बहुतेक भागात अनुसूचित जातीत आहे, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. दुसऱ्या राज्यातून आलेल्या कुटुंबाला मूळ राज्याच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्राचं आरक्षण मिळत नाही. प्रवेशाशी मात्र याचा काही संबंध नाही. प्रमाणपत्र असो वा नसो, प्रवेश मिळतोच (प्रश्न 2).

12. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांमधून खासगी शाळेत प्रवेश मिळाला, पण या मुलांची तुकडी वेगळी ठेवली आहे. हे योग्य आहे का?

नियमात बसत नाही. राखीव जागांवरच्या मुलांना वेगळ्या तुकडीत, वेगळ्या वेळेला बसवता येत नाही, आणि ग्रंथालय, खेळ, सहल यांतही फरक करता येत नाही. लेखी तक्रार करा (प्रश्न 16). अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना 25 टक्क्यांची तरतूद लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानं ते ठरलं आहे.

13. गावच्या शाळेपेक्षा आश्रमशाळा बरी का?

पहिली-दुसरीच्या मुलाला शक्यतो घराजवळच ठेवा. कायद्यानुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. ती नसेल तर वाहतुकीची सोय मागा. पाचवीनंतर किंवा पाड्यावर शाळाच नसेल तर आश्रमशाळा हा खरा आधार आहे. तिथं जाऊन जेवण, मुलींची राहण्याची जागा, रात्री अधीक्षिका असते का आणि आजारी पडल्यावर कुठं नेतात, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

14. परिपाठात एका धर्माची प्रार्थना होते. आमच्या मुलानं हात जोडले नाहीत म्हणून त्याला बाहेर उभं केलं.

त्याला शिक्षा करणं चूक आहे. संपूर्ण सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात सहभागी व्हायला भाग पाडता येत नाही (राज्यघटनेचं कलम 28). 1986 मध्ये केरळच्या तीन विद्यार्थ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याहून नाजूक प्रश्न सोडवला. ती मुलं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढणं न्यायालयानं चुकीचं ठरवलं. शाळेनं परिपाठात सर्वांना म्हणता येईल अशी गीतं घेतली तर वाद उरत नाही.

15. आमच्या कोरकू मुलाला 'मतिमंद' ठरवून तपासणीला पाठवायचं म्हणतात. खरंच तसं असेल का?

असू शकतं, पण आधी भाषेची शंका दूर करा. न कळणाऱ्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला कुठलंही मूल गप्प बसतं. घरी ते गुरं मोजतं का, निरोप पोहोचवतं का, धाकट्याला गोष्ट सांगतं का, हे आईला विचारा. हे सगळं जमत असेल तर प्रश्न बहुधा वर्गातल्या भाषेचा आहे (प्रश्न 5). तपासणी करायचीच असेल तर मुलाची भाषा येणारं माणूस सोबत असलंच पाहिजे.

उलटही घडतं. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला "त्याला मराठी येत नाही" म्हणून वर्षानुवर्षं सोडून दिलं जातं. मूल घरच्या भाषेतही हाकेला ओ देत नसेल तर लगेच कान तपासून घ्या. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त निघालं तर वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

16. शाळेनं प्रवेश नाकारला किंवा भेदभाव केला. तक्रार कुठे करायची?

आधी मुख्याध्यापकांकडे, मग शाळा व्यवस्थापन समितीत. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित गटांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. तुमच्या वस्तीतलं कुणी तिथं नसेल तर पुढच्या निवडीला नाव सुचवा. तिथं काम झालं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. मूल धोक्यात असेल तर 1098 वर केव्हाही फोन करता येतो.

तोंडी तक्रार करू नका. लिहिता येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या पोराकडून लिहून घ्या, खाली अंगठा उठवा, दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर तारखेसह शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.